पंधरा पाकळ्यांचा खांब

३ फेब्रुवारी

भाऊजी,

त्या सकाळी दूध उतू गेलं, कारण मी उंबऱ्यात बसून स्वतःचेच केस कातरत होते. तापातून उठून मला बारा दिवस झाले होते. केसांचा गुंता सुटेना, म्हणून ह्यांनीच माझी वेणी मुळापासून कापली होती आणि कुणास ठाऊक का, खुंटीला टांगून ठेवली होती. तिकडे राजवाड्यावर तुमचं काम अडलं होतं. चुन्यात घालायला शेळीचे केस मिळत नव्हते. चहा पिता पिता तुम्ही म्हणालात, "वहिनी, ती वेणी टांगून भुताला घाबरवताय का? द्या इकडे." हे काही बोलले नाहीत. कप खाली ठेवून मग मला म्हणाले, "दोन पेरांएवढे कर. लांब राहिले तर गाठी होतात." मी बोटावर मापून कातरत बसले, तेवढ्यात करपल्याचा वास आला. शेगडी पुसली, चुना चाळला, पाणी भरलं, तुम्हा दोघांचे डबे बांधले आणि केसांची पिशवी सायकलच्या दांडीला अडकवली.

हे सगळं जसंच्या तसं आठवतं. जे आठवायला हवं तेच आठवत नाही, म्हणून हे पत्र.

अक्षर बघून दचकू नका, मीच लिहिते आहे. हे गेल्याला अकरा वर्षं झाली. तुम्हाला कळलं असेलच. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल आता काही म्हणत नाही. त्यानंतर मला राजवाड्यातच साफसफाईचं काम मिळालं. वाचायला मी तिथल्या पाट्यांवर शिकले. पहिली पाटी लागली ती 'हात लावू नये'. मला पगार हात लावण्याचाच मिळतो, त्यामुळे हसू आलं. मग तलवारींच्या पाट्या वाचल्या, पालख्यांच्या वाचल्या, मग कपाटातली जुनी माहितीपुस्तकं. आता कागद दिसला की वाचते. तुमचा पत्ता ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत सापडला. 'मी इथे आहे' एवढंच लिहिलेलं तुमचं कार्ड ह्यांनी थापीखाली जपून ठेवलं होतं.

आता कामाचं. दरबाराच्या दालनात सोळा खांब आहेत. आठ खिडक्यांच्या बाजूला, आठ जिन्याच्या बाजूला. बघायला येणारे तोंडाला हात लावतात, "केवढा हा संगमरवर!" म्हणतात. आत वीट आहे आणि वर चुना, हे तुम्हाला मी काय सांगावं? घोटून घोटून त्यात तोंड दिसेल असा केलेला चुना. त्यातला एक खांब तुम्हा भावांचा, सव्वीस वर्षांपूर्वीचा. बाकीचे पंधरा दोनशे वर्षांचे.

वरचा सज्जा ज्या तुळईवर आहे, ती तुळई मध्ये वाकली आहे. तिच्या एका टोकाला खिडकीकडचा चौथा खांब, दुसऱ्या टोकाला जिन्याकडचा चौथा. दोहोंपैकी एक पूर्ण फोडून आत लोखंडाचा आधार घालायचा आहे. काम बघणाऱ्या मॅडम म्हणतात, जुना खांब फोडायचा नाही, नंतर केलेला फोडायचा. जुन्या फाइलीत 'दोघा स्थानिक कारागिरांकडून एक खांब नव्याने करून घेतला' एवढंच आहे. कोणता, ते नाही. नावंही नाहीत. त्यांनी दोन्ही खांब लाकडी हातोडीने वाजवून पाहिले. खिडकीकडचा पोकळ वाजला. "हाच नंतरचा," म्हणाल्या, आणि खडूने त्यावर फुली मारली. चार मार्चला फोडायचा.

भाऊजी, मला वाटतं त्या चुकताहेत. पण वाटण्यावर काय सांगू? कोणता तुमचा, ते मला लगेच कळवा.

वहिनी

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. 'खिडकीकडचा. फोडू द्या.' सव्वीस वर्षांनंतर तीन शब्द. तुमच्या दादांचेच भाऊ शोभता.

मी ते कार्ड तीनदा वाचलं, आणि मग जाऊन उलटंच केलं. ते सांगण्याआधी मला का तसं वाटतं ते सांगते.

काम संपल्यावर, तुम्ही निघून गेल्यानंतर, हे मला एकदा दालन दाखवायला घेऊन गेले होते. दाराशी उभं करून म्हणाले, "ओळख बघू." मी एकेक खांब बघत गेले. मला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. प्रत्येक खांबाच्या पायाशी कमळ आहे, सोळा पाकळ्यांचं. दोन खांबांना मात्र पंधराच. मी म्हटलं, "ह्या दोहोंतला एक." हे म्हणाले, "शाबास. मूळ कारागीर एका खांबावर चुकला होता. त्या खांबावरूनच आम्ही साचा घेतला." मी म्हटलं, "मग चूक सुधारायची की!" तर म्हणाले, "आपण कोण सुधारणार? चूकसुद्धा त्याची त्याला परत करायची." मी जिन्याकडच्या खांबाला बोट लावलं. हे हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, पण हसले. ते हसणं मी हो धरलं.

कामावर लागले तेव्हा जिन्याकडची रांग मीच मागून घेतली. खिडकीकडची रांग माझ्याबरोबरच्या बाईकडे. तिला सगळे रेडिओ म्हणतात, का ते तुम्ही पाच मिनिटं तिच्याजवळ बसलात तर कळेल. ती मला रोज चिडवते, "झाली का गं नवऱ्याची आंघोळ?" मी फडकं पिळते आणि पुढे जाते. अकरा वर्षं रोज तो खांब पुसला, भाऊजी. पाकळ्यांच्या बेचक्यांतून बोट फिरवत, पंधराच्या पंधरा.

आणखी एक. हे शेवटचे माझ्याबरोबर तिथे गेले तेव्हा ह्यांना धाप लागत होती. चुन्याने छाती भरली होती. दालनात आले, जिन्याकडच्या त्या खांबाशी गेले आणि तळहात टेकवून बराच वेळ उभे राहिले. मी विचारलं, "बसायचं का?" म्हणाले, "थांब जरा. भेटू दे." माणूस कुणाला भेटतो? आपल्याच हातच्या कामाला ना?

तर मी काय केलं ते ऐका. मॅडमना गाठलं. त्या शिडीवर होत्या. मी खालून म्हटलं, "मॅडम, फुली चुकीच्या खांबावर आहे. माझ्या नवऱ्याचा खांब हा, जिन्याकडचा."

त्या खाली उतरल्या. "मावशी, खात्री आहे?"

"आहे."

"कळतंय ना, मग हा फोडावा लागेल?"

"कळतंय."

"मग सांगताय का?"

मी म्हटलं, "तो खिडकीकडचा दोनशे वर्षांचा आहे. उगाच मरेल."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला लाज वाटली. कारण ते अर्धंच खरं होतं. तुम्हाला म्हणून सांगते. पोकळ वाजणारा खांब ह्यांचा, हे माझ्याने ऐकवेना. ह्यांचं काम आणि पोकळ? फुटलं तरी चालेल, पण पोकळ नको. एवढ्यासाठी मी बोलले.

आता तुमचं कार्ड समोर आहे आणि फुली पुसून जिन्याकडे गेली आहे. खरं काय ते सांगा. रागाने लिहिलंत का?

वहिनी

१८ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र नाही. जिन्याकडच्या खांबाभोवती बांबू बांधले. ताडपत्री आली. मला तिथे पुसू देत नाहीत, म्हणून आज नुसता जिना पुसला, दोनदा.

रेडिओ म्हणाली, "तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस? तुला कुणी विचारलं होतं?"

मी बादली उचलली.

व.

२१ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही लिहीत नाही, याचं कारण मला ठाऊक आहे, आणि ते मी पहिल्या पत्रात झाकलं. आता झाकत नाही.

भांडण मी पाहिलं होतं. डबा घेऊन आले होते. खांबाचा शेवटचा थर ओला होता आणि तुम्ही खिळ्याने पाठीमागच्या बाजूला, वर, दोघांची नावं कोरली होती. तुम्ही दोघं कोणत्या खांबाशी उभे होतात ते आठवत नाही. चहूकडे बांबू, सगळीकडे तरटं, मला तेव्हा एक खांब दुसऱ्यासारखाच होता. तुमचे शब्द मात्र आठवतात. ह्यांनी थापी मारून नावं सपाट केली आणि सगळ्या मजुरांदेखत म्हणाले, "आपलं काम दिसलं म्हणजे काम फसलं." तुम्ही म्हणालात, "तुझं ठीक आहे, दादा. तुझा हात सगळे ओळखतात. मी मेल्यावर मी कुठे दिसू?" हे म्हणाले, "कुठेही नाही. मीही नाही." तुम्ही थापी टाकून निघालात. डबा माझ्या हातातच राहिला.

मी तेव्हा ह्यांच्या बाजूची होते. आता कोणाच्या बाजूची आहे, समजत नाही. पाट्या वाचते तेव्हा राजाचं नाव असतं, राणीचं असतं, झुंबर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचंसुद्धा असतं. चुना कुणी घोटला ते कुठेच नसतं. पूर्वी मला त्याचं काही वाटत नव्हतं. वाचता येऊ लागलं आणि वाटायला लागलं.

आता झाकलेलं सांगते. तुम्हाला कळलं असेलच, असं मी लिहिलं. कसं कळणार होतं? ह्यांनी शेवटच्या आठवड्यात दोनदा तुमचं नाव घेतलं. एकदा म्हणाले, "त्याला कळव." मी हो म्हटलं. कार्ड पेटीत होतं, पत्ता होता. मला लिहिता येत नव्हतं हे खरं, पण शेजारी लिहिणारे होते. मी कुणाला सांगितलं नाही. तोवरच्या पंधरा वर्षांत तुम्ही एकदाही आला नव्हतात, आता शेवटचे चार दिवस मी एकटीनेच घ्यायचे, असा काहीतरी हट्ट मनात होता. हट्ट म्हणू की चोरी? ते वाट बघत दाराकडे तोंड करून झोपायचे. मी त्यांना कूस बदलून द्यायची.

तुम्ही आला नाहीत असं मी अकरा वर्षं लोकांना सांगत आले. बोलावलं नाही, असं एकदाही सांगितलं नाही.

आता मला रागवा, पण खांब कोणता ते खरं सांगा. चार मार्चला अकरा दिवस उरलेत. माझ्या शब्दावर बांबू बांधलेत आणि माझा शब्द एका हसण्यावर उभा आहे.

वहिनी

१ मार्च

भाऊजी,

तुमचं चार पानी पत्र परवा आलं. पहिलं पान मी दाराशी उभ्या उभ्या वाचलं, बाकीची बसून. न बोलावल्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते पुन्हा इथे लिहीत नाही. 'मला बोलावलं असतंत तरी मी आलो असतो की नाही, देव जाणे' या ओळीवर मी बराच वेळ थांबले. ते मला सोडवण्यासाठी लिहिलंत की खरं आहे, ते समजलं नाही. दोन्ही असेल.

पण खांबाचं वाचून मी डोक्यालाच हात लावला. 'वहिनी, खरं तर मलाही आठवत नाही. खिडकीकडचा लिहिलं कारण मॅडम तसं म्हणताहेत, तर भांडण नको. डोळे मिटले की मला दोन्ही खांब ओले दिसतात.' अहो, मी एवढी पत्रं घातली कुणाला?

आणि मग शेवटच्या पानावर, जाता जाता लिहिल्यासारखं, 'तुम्ही दूध उतू गेलं ते लिहिलंत आणि पुढे गेलात. थांबा ना तिथेच. वेणी गेली कुठे?'

भाऊजी, ती सकाळ मी स्वतः लिहिली होती. स्वतःच्या हाताने. आणि तिच्यावरून चालत गेले.

काल सकाळी सातलाच मॅडमच्या टेबलाशी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, मी चुकले असेन."

"आता? बांबू बांधून झाल्यावर?"

"खालच्या थरात शेळीचे केस असतात. आमच्या खांबात माझे आहेत."

"तुमचे म्हणजे?"

"डोक्यावरचे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चेष्टा करते आहे का ते बघत होत्या. मग मी सगळं सांगितलं, ताप, वेणी, दोन पेरं. त्या उठल्या आणि त्यांनी बारीक छिन्नी घेतली.

आधी जिन्याकडचा. ताडपत्री बाजूला केली. मागच्या बाजूला, कमळाच्या वर, बोट जाईल एवढंच भोक. वरचा गुळगुळीत थर, मग भरड थर. मॅडमनी चिमटीने ओढून पांढऱ्या कागदावर ठेवलं. राठ, भुरे, आखूड केस. मी ते नुसते बघूनच ओळखले. असल्या केसांची पोती मी घरी सोडवत असे.

"शेळी," मॅडम म्हणाल्या.

मग खिडकीकडचा. तिथे छिन्नी लावताच थराचा पापुद्रा आपोआप सुटला. आत हवा होती. मॅडमनी कागद धरला आणि त्यावर पडले ते काळे. काळेभोर, मऊ, दोन पेरांएवढे. मी कागद हातात घेतला. माझं डोकं आता पूर्ण पांढरं आहे. ते केस तीस वर्षांच्या बाईचे होते, कालच कातरल्यासारखे.

मी विचारलं, "पोकळ का वाजतो पण?"

मॅडम जरा अडखळल्या. मग म्हणाल्या, "शेळीचे केस खरखरीत असतात, चुना धरून ठेवतात. माणसाचे गुळगुळीत. हळूहळू थर सुटतो. काम उत्तमच आहे, मावशी. केसच..."

"केसच माझे," मी म्हटलं.

ह्यांना हे ठाऊक नसणार? चुन्यातली प्रत्येक गोष्ट ठाऊक असलेला माणूस. राजवाड्यावर पाहुणे यायचे होते, तिथला कारभारी घाई करत होता, शेळीचे केस मिळत नव्हते, हे सगळं खरं. तरी त्या सकाळी कप खाली ठेवून जरा वेळ गप्प बसले होते, ते आता मला वेगळंच दिसतं. की मीच काहीतरी जोडते आहे? हसण्यावरून एकदा फसले, गप्प बसण्यावरून पुन्हा फसायचं नाही.

पण एक उलगडलं, असं वाटतं. शेवटी ते जिन्याकडच्या खांबाला हात टेकून उभे होते, तो ह्यांचा खांब नव्हता. तो दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा होता, ज्याने सोळाऐवजी पंधरा पाकळ्या केल्या. त्याला भेटत होते ते. आणि मी अकरा वर्षं एका परक्या माणसाचा खांब नवऱ्याचा म्हणून पुसला. आणि माझ्या एका शब्दावर तोच तीन दिवसांनी फुटणार होता.

रेडिओला कळायला वेळ लागला नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षं तुझा नवरा माझ्याकडे होता की गं!" मी इतकी हसले की पहारेकरी बघायला आला. मग रडले. रेडिओ पहिल्यांदाच गप्प बसली. मग फडकं माझ्या हातात देऊन म्हणाली, "घे. उद्यापासून तो तुझा."

बांबू दुपारीच इकडून तिकडे गेले. चार तारीख तीच राहिली. खांब खिडकीकडचा. आधी तुम्ही आणि मॅडम दोघंही बरोबर होतात, न आठवता आणि न जाणता. मी तेवढी खात्रीने चूक होते.

मॅडमनी फाइल काढली आणि म्हणाल्या, "त्या दोघा कारागिरांची नावं सांगा, लिहून ठेवते." मी म्हटलं, "मी लिहिते." त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. 'दोघा स्थानिक कारागिरांकडून' या ओळीच्या बाजूला मी आधी तुमचं नाव लिहिलं, मग ह्यांचं. ह्यांना आवडलं नसतं. पण थापी आता ह्यांच्या हातात नाही.

आधार बसल्यावर वरून पुन्हा चुना चढवायचा आहे, आणि तशी घोटाई येणारं इथे कुणी उरलेलं नाही, असं मॅडम म्हणतात. मी तुमचा पत्ता दिला आहे. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आलात तर शेळीचे केस घेऊन या. माझ्याकडे आता द्यायला काही नाही.

हे सगळं आज दुपारी लिहिते आहे.

आज सकाळी मी साडेसहाला गेले. बांबूंच्या मधून आत शिरले आणि खिडकीकडचा चौथा खांब खालून वरपर्यंत पुसला, पंधराच्या पंधरा पाकळ्या. मग जिन्याकडे जाऊन दुसराही पुसला.

तुमची,
वहिनी